प्रत्यारोपण समन्वयक : ओळख एका नव्या वैद्यकीय सेवाक्षेत्राची

(अभ्यासलेख)



वार्षिक अहवालात जमाखर्च आणि ताळेबंद यांच्याबरोबर एखाद्या वैद्यकीय विषयाची सोप्या भाषेत ओळख करून द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. यंदा आम्ही अवयवदानाच्या क्षेत्रातील एका फारशा परिचित नसलेल्या व्यक्तीविषयी, म्हणजे प्रत्यारोपण समन्वयकाविषयी लिहीत आहोत. अवयवदानाच्या बातमीत शल्यचिकित्सकांचे नाव येते, वाहतूक थांबवून मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून धावणाऱ्या रुग्णवाहिकेचे छायाचित्र येते. ती रुग्णवाहिका निघण्यापूर्वीचे अनेक तास ज्याने सांभाळलेले असतात, तो समन्वयक मात्र बातमीत क्वचितच दिसतो. त्याचे काम नीट झाले नाही, तर उत्तमातील उत्तम शल्यचिकित्सकालाही काही करता येत नाही.

आपल्या परिसराशी या विषयाचा संबंध

कळंब, वालचंदनगर, लासुर्णे, बेलवाडी, निमगाव केतकी हा आपला पट्टा उसाचा आहे. हंगामात रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. शेजारून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. हेल्मेटविना दुचाकी चालविणारे तरुण आणि अंधारात उभी असलेली ट्रॉली यांची गाठ पडली की काय होते, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको. डोक्याला जबर मार लागलेले रुग्ण, तसेच वाढलेल्या रक्तदाबामुळे मेंदूत रक्तस्राव झालेले रुग्ण येथून बारामती, अकलूज अथवा पुण्याकडे हलविले जातात. त्यांतील काही परत येत नाहीत.

याच पट्ट्यातील दुसरे कुटुंब आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी गाडीभाडे मोजत असते. मूत्रपिंड मिळेल या आशेवर त्याचे नाव प्रतीक्षायादीत असते. एका घरावर कोसळलेले दुःख आणि दुसऱ्या घरातील प्रतीक्षा यांची कधीही ओळख होणार नसते. तरीही त्यांच्यामध्ये दुवा जोडता येतो आणि तो जोडण्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती म्हणजे समन्वयक होय.

मेंदूमृत्यू : बेशुद्धावस्था नव्हे

हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड हे अवयव प्रामुख्याने मेंदूमृत व्यक्तीकडून मिळतात. मेंदूच्या तळाशी असलेला मेंदूस्तंभ हा श्वासोच्छ्वासाचे व जाणिवेचे मूळ केंद्र आहे. तो कायमचा निकामी झाला की व्यक्ती स्वतःहून पुन्हा श्वास घेऊ शकत नाही. हृदयाचे ठोके मात्र हृदयातच निर्माण होत असल्याने, व्हेंटिलेटरमधून प्राणवायू मिळेपर्यंत ते काही काळ चालू राहतात. नातेवाइकांचा गोंधळ होतो तो येथेच. छाती वरखाली होताना दिसते, हात उबदार लागतो, मग माणूस गेला कसा? बेशुद्ध रुग्ण शुद्धीवर येऊ शकतो; मेंदूमृत व्यक्ती परत येत नाही, कारण तो मृत्यूच असतो.

हे निदान एकट्या डॉक्टरांच्या मतावर सोडलेले नाही. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि त्याने मेंदूमृत्यूस कायदेशीर मान्यता दिली. त्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ तपासणी करते : रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख, उपचार करणारे डॉक्टर, शासनमान्य यादीतील एक तज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ अथवा मेंदूशल्यचिकित्सक. ते उपलब्ध नसल्यास यादीवरील अन्य पात्र तज्ज्ञ घेण्याची तरतूद नंतर करण्यात आली. बुबुळांची प्रतिक्रिया, खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया, व्हेंटिलेटर थांबवून स्वतःचा श्वास येतो का हे पाहणारी चाचणी अशा तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा केल्या जातात. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील डॉक्टरांना या मंडळावर बसता येत नाही. ‘अवयवांसाठी लवकर मृत घोषित करतील’ ही शंका मनात असलेल्यांनी ही तरतूद अवश्य ध्यानात घ्यावी.

समन्वयकाची घड्याळाशी स्पर्धा

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर समन्वयकाच्या हाती जे भांडवल असते, ते वेळेचे. आणि ते प्रत्येक मिनिटाला घटत असते. शरीराबाहेर काढल्यावर हृदय साधारणपणे चार ते सहा तास टिकते, यकृत सुमारे बारा तास, तर मूत्रपिंड चोवीस तासांच्या आसपास. त्यापूर्वी, शरीरात असतानाही अवयव सुरक्षित नसतात. मेंदूचे नियंत्रण गेल्याने रक्तदाब कोसळतो, लघवीचे प्रमाण अतोनात वाढून शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल बिघडतो, तापमान उतरते. अतिदक्षता विभागातील परिचारिकांनी ही लढाई मृत्यूनंतरही चालू ठेवली, तरच अवयव दुसऱ्याच्या उपयोगी पडतात.

या काळात समन्वयकाला अनेक आघाड्या सांभाळाव्या लागतात. मंडळाची तपासणी व तिची कागदपत्रे पूर्ण आहेत का, हे त्याने पाहावयाचे. कुटुंबाची लेखी संमती मिळाल्यावर विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रास कळवावयाचे. महाराष्ट्रात अशी केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत आणि आपला तालुका पुणे केंद्राशी जोडलेला आहे. अवयव कोणास द्यावयाचा, हे समन्वयक ठरवीत नाही, डॉक्टर ठरवीत नाहीत आणि दात्याचे कुटुंबही ठरवीत नाही. रक्तगट, प्रतीक्षायादीतील क्रम, रुग्णाची निकड अशा निकषांवर ते केंद्राकडून ठरते. रक्ताच्या चाचण्या, बाहेरगावाहून येणारी शल्यपथके, शस्त्रक्रियागृहाची वेळ, रुग्णवाहिका आणि वाहतूक पोलीस यांचा मेळ समन्वयकाला घालावा लागतो.

अपघाताचा मृत्यू असल्यास पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अटळ असते. अशा प्रकरणी पोलीस ठाणे व शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांच्याशी वेळीच संपर्क साधून आवश्यक अनुमती घेतली, तर दान आणि तपास ही दोन्ही कामे एकमेकांस बाधा न आणता पार पडतात. शेवटी, शस्त्रक्रियेनंतर देह व्यवस्थित टाके घालून, स्वच्छ करून, सन्मानाने कुटुंबाच्या स्वाधीन होईपर्यंत समन्वयकाने त्या कुटुंबाची साथ सोडावयाची नसते.

सर्वांत अवघड काम : संवाद

या व्यवसायाचे मर्म वरील धावपळीत नसून एका शांत खोलीत होणाऱ्या बोलण्यात आहे. मृत्यूची वार्ता आणि दानाची विचारणा ही दोन वेगळी संभाषणे आहेत, हा समन्वयकाच्या शिक्षणातील पहिला धडा. वार्ता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगावी. कुटुंबाने ती ऐकावी, रडावे, पुन्हा पुन्हा विचारावे. ‘आता तो आपल्यात नाही’ हे त्यांच्याच बोलण्यातून उमटू लागल्यावर समन्वयकाने दानाचा विषय काढावा. मृत्यू मनाने स्वीकारलेला नसताना दानाचा शब्द उच्चारला, तर तो जिवंत माणसाचा सौदा वाटतो आणि दार कायमचे बंद होते.

आपल्या भागात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. कायद्याने पती-पत्नी, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे यांना जवळचे नातेवाईक मानले आहे. संमतीपत्रावर सही त्यांच्यापैकी ज्यांचा अधिकार असेल त्यांची लागते. प्रत्यक्षात मात्र रुग्णालयाच्या आवारात दोन गाड्या भरून माणसे आलेली असतात आणि थोरले चुलते किंवा मामा काय म्हणतात याकडे सर्वांचे डोळे असतात. पंचविशीतील विधवा काही बोलू पाहते आणि तिला गप्प केले जाते. जाणता समन्वयक थोरल्यांचा मान राखतो, त्यांच्या शंका आधी ऐकतो. परंतु त्या मुलीला बाजूला, तिच्या आईसोबत बसवून तिचेही मन जाणून घेतो. ‘तात्या, तुम्ही म्हणाल तसेच होईल, पण तिला एकदा विचारू या’ असे म्हणण्यासाठी पदवीपेक्षा समज अधिक लागते.

प्रश्न बहुधा तेच असतात. देह विद्रूप होईल का? नाही, टाके कपड्यांखाली राहतात आणि अंत्यविधी नेहमीप्रमाणे करता येतो. दहाव्याला, तेराव्याला काही अडते का? अडत नाही. ज्या परंपरेने दधीची ऋषींच्या अस्थिदानाची कथा जपली, ती दानास विरोध करील असे मानण्यास आधार नाही. खर्च कोणाचा? दात्याचा देह सांभाळणे, अवयव काढणे व नेणे यांचा भार दात्याच्या कुटुंबावर टाकू नये, असे नियमच सांगतात. मात्र मृत्यू घोषित होण्यापूर्वीच्या उपचारांचे देयक ही वेगळी बाब आहे, हे समन्वयकाने आधीच स्पष्ट करावे. मोबदला मिळेल का? मुळीच नाही. अवयवांचा व्यवहार हा गुन्हा असून २०११ च्या दुरुस्तीनंतर त्यास पाच ते दहा वर्षे कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे.

आणि कुटुंबाने नकार दिला तर? तर तो नकार तितक्याच आदराने स्वीकारावयाचा, पाण्याचा पेला पुढे करावयाचा आणि देह घरी नेण्याच्या कामात मदत करावयाची. विचारणे हे समन्वयकाचे कर्तव्य आहे, होकार मिळविणे नव्हे.

शिक्षण, पात्रता आणि भवितव्य

२०११ च्या दुरुस्तीने प्रत्यारोपणासाठी नोंदणीकृत रुग्णालयात समन्वयक असणे आवश्यक ठरले आणि २०१४ च्या नियमांनी त्याची पात्रता सांगितली. कोणत्याही मान्यताप्राप्त वैद्यकशाखेचे पदवीधर, परिचारिका, किंवा कोणत्याही विषयाचे पदवीधर हे काम करू शकतात. शेवटच्या गटात समाजकार्य, समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य यांसारख्या विषयांतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांस प्राधान्य आहे. म्हणजे आपल्या गावातील समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुलीसाठी वा अतिदक्षता विभागात दहा वर्षे काढलेल्या परिचारिकेसाठी हे दार उघडे आहे. चेन्नई येथे १९९७ साली स्थापन झालेल्या मोहन फाउंडेशनसारख्या संस्था समन्वयकांना प्रशिक्षण देतात. पुढे रुग्णालय, विभागीय केंद्र, राज्य व राष्ट्रीय पातळीवरील संघटना, नेत्रपेढी, त्वचापेढी अशा ठिकाणी कामाची संधी असते.

हा मार्ग सोपा मात्र नाही. फोन मध्यरात्री येतो. लागोपाठ दोन रात्री जागून काढाव्या लागतात आणि तिसऱ्या दिवशी अवयव वैद्यकीय कारणाने वापरता आले नाहीत असे कळते. परक्याचे दुःख दररोज अंगावर घेणाऱ्यास स्वतःचे मन हलके करण्याची जागा लागते, याचे भान त्याला नेमणाऱ्या संस्थेने ठेवावयास हवे.

या व्यवस्थेचे महत्त्व स्पेनने जगास दाखविले. तेथे १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली आणि रुग्णालयांतच प्रशिक्षित समन्वयक, बहुधा अतिदक्षता विभागातील डॉक्टर, नेमले गेले. आज तेथे दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ५० मरणोत्तर अवयवदाते असतात. भारतात २०२३ मध्ये देशभरात असे १,०९९ दाते होते, म्हणजे दर दहा लाखांमागे एकही पूर्ण दाता नाही. स्पॅनिश माणूस आपल्यापेक्षा उदार आहे, असा याचा अर्थ आम्ही लावत नाही. वारीच्या वाटेवर अनोळखी वारकऱ्याला घासातला घास देणारा हा मुलूख आहे. फरक एवढाच की, तेथे योग्य वेळी योग्य रीतीने विचारणारी व्यक्ती जागेवर असते.

कळंबसारख्या ठिकाणी काय शक्य आहे?

आमच्यासारख्या लहान रुग्णालयात प्रत्यारोपण होऊ शकत नाही, तसे स्वप्नही आम्ही दाखवीत नाही. तथापि साखळीतील पहिली कडी येथे घडू शकते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णास योग्य ठिकाणी लवकर पाठविणे, त्याचा जीव वाचविण्यासाठी सर्व प्रयत्न करणे आणि ते असफल ठरल्यास नातेवाइकांना मेंदूमृत्यूचा अर्थ त्यांच्या भाषेत समजावणारी ओळखीची व्यक्ती जवळ असणे, एवढे झाले तरी पुण्यातील समन्वयकाचे अर्धे काम हलके होईल.

नेत्रदान तर आजही घरोघरी शक्य आहे. त्यासाठी मेंदूमृत्यूची वा व्हेंटिलेटरची अट नाही. घरी नैसर्गिक मृत्यू आल्यास सहा तासांच्या आत नेत्रपेढीस कळवावे. पथक येईपर्यंत मृताच्या पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. डोळे काढण्यास अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. चष्मा असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आणि मधुमेही यांनाही सामान्यतः नेत्रदान करता येते.

विनंती

विश्वस्तांपुढे आमचा प्रस्ताव छोटा आहे. आपल्या रुग्णालयातील एका परिचारिकेस किंवा वैद्यकीय समाजसेवकास समन्वयकाचे प्रशिक्षण द्यावे आणि तिच्या वा त्याच्या प्रशिक्षणाचा व प्रवासाचा खर्च न्यासाने उचलावा. देणगीदारांनी यंत्रसामग्रीसाठी सदैव हात सैल सोडला आहे. या वेळी एका माणसाच्या शिक्षणासाठी तो सोडावा, ही प्रार्थना.

रुग्णांच्या नातेवाइकांकडे आमचे मागणे पैशाचे नाही. अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदविली असली, तरी त्या घडीला प्रश्न कुटुंबासच विचारला जातो. म्हणून आपली इच्छा काय आहे, हे आपण सुखरूप असतानाच, रात्रीच्या जेवणानंतर, घरच्यांपाशी एकदा बोलून ठेवावे. पुढे कधी कोणी समन्वयक आपल्या घरच्यांसमोर हात जोडून बसला, तर ‘आमच्या माणसाची इच्छा आम्हांस ठाऊक आहे’ एवढे त्यांना सांगता यावे. त्या एका वाक्याने घरच्यांच्या मनावरील केवढे तरी ओझे उतरते.



व्यवस्थापन, कळंब