मुदखेडच्या निवांत वस्तीत

नांदेडहून गाडी सुटली की मालटेकडी, मुगट आणि मग मुदखेड. पंचवीसेक किलोमीटरचं अंतर, पण नांदेडचा गलका मुगटच्या अलीकडेच मागे पडतो. नोकरी नांदेडात आणि घर मुदखेडात, असं रोज अप-डाउन करणारी आमच्यासारखी पुष्कळ माणसं या बाजूला राहतात. शाळेतल्या नव्या सहकारी अधूनमधून विचारतात, "बाई, मुदखेडला प्लॉट घ्यावा म्हणतो आम्ही. शांत आहे ना?" शांत आहेच. पण ती शांतता कशी राखली जाते, हे राहायला आल्यावरच समजतं. म्हणून हे लिहून ठेवते.

१. प्लॉट दुपारी बघू नये.
दुपारी कुठलाही ले-आउट शांतच असतो. पहाटे जावं, रात्री जेवणं आटोपल्यावर जावं आणि एकदा चांगला पाऊस पडून गेल्यावर जावं. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींनाही तडे पाडते. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा, तिथे पैसे वाचवू नयेत. शेजारचे प्लॉट कुणाचे आहेत तेही विचारावं. पुण्याला किंवा हैदराबादला राहणाऱ्यांनी घेऊन ठेवलेले प्लॉट वर्षानुवर्षं रिकामे पडतात. त्यात वेडी बाभूळ आणि गाजरगवत माजतं आणि पावसाळ्यात साप निघतात. मालकाचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवला तर श्रावणात उपयोगी पडतो.

२. गाडीच्या आवाजाला घाबरू नये.
मुदखेड हे जंक्शन. निजामाच्या काळात ही लाईन आली. छोटी लाईन जाऊन मोठी आली, मग परभणी ते मुदखेड असा ८१ किलोमीटरचा मार्ग दुहेरी झाला. इथून देवगिरी एक्सप्रेस धर्माबादकडे जाते आणि नंदीग्राम एक्सप्रेस भोकर-किनवटकडे वळते. रात्री मालगाडी क्रॉसिंगला उभी राहते, हॉर्न देते, डबे एकमेकांवर आदळतात. नवीन माणूस पहिले काही आठवडे दचकून उठतो, नंतर त्याच आवाजावर झोपतो. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या घड्याळ न बघता कोणती गाडी गेली ते सांगतात आणि ती उशिरा असली तर काळजीही करतात, कारण त्या गाडीत कुणाचा ना कुणाचा मुलगा असतो.

मार्च २०२० मध्ये देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा या वस्तीत खरी शांतता काय असते ते ऐकलं. मालगाडी तेवढी जायची, बाकी काही नाही. ती शांतता कुणालाही मानवली नाही. अंगणात बसलेली माणसंसुद्धा हळू आवाजात बोलायची. गाडी बंद म्हणजे खाजगी नोकरीतल्या अप-डाउनवाल्याचा पगार अडकला, स्टेशनबाहेरचा चहावाला घरी बसला, फुलांचे गठ्ठे जागेवर राहिले. तेव्हापासून "शांत" या गोष्टीकडे मी वेगळ्या नजरेने बघते. आपल्याला हवी असते ती कामधंदा नीट चालू असलेल्या गावाची शांतता, आणि तिच्यात आवाज असतातच.

३. पहाट फुलवाल्यांची असते, तिचा मान ठेवावा.
मुदखेडची ओळख फुलांची. गुलाब, गलांडा, काकडा, निशिगंध, झेंडू. इथून फुलं नांदेडच्या बाजारात जातात, हैदराबादला जातात. नांदेडातल्या लग्नातल्या हारात मुदखेडचा गुलाब असण्याची शक्यता बरीच. हे फूल ऊन चढायच्या आत तोडावं लागतं, म्हणून आमच्या वस्तीला लागून असलेल्या मळ्यांत अंधारातच माणसं शिरतात.

मी एकदा मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं. बायांनी जुन्या लुगड्याची ओटी कमरेला बांधलेली, अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला चिंधी घट्ट गुंडाळलेली. डावा हात फांदी वाकवतो, उजवा कळी खुडतो आणि ओटीत टाकतो, नजर तोवर पुढच्या फांदीवर गेलेली असते. चिंधी असूनही बोटं काट्यांनी भरलेलीच. एका मावशीने हात पुढे करून दाखवला आणि म्हणाली, "बाई, गुलाबाचा वास येतो ना तुमच्याकडं वाऱ्यावर? आम्हाला येईना झालाय आता." उजाडलं की फुलं ओल्या गोणपाटात बांधून स्टेशनकडे किंवा टेम्पोत. आम्ही चहा घेतो तेव्हा त्यांचा निम्मा दिवस झालेला असतो.

२०२० मध्ये, गाड्या आणि देवळं बंद असतानासुद्धा, या बायांना कळ्या खुडाव्याच लागल्या. खुडलं नाही तर झाड पुढे धरत नाही. खुडायचं आणि बांधावर टाकायचं. वस्तीच्या रस्त्यावर वाळलेल्या गुलाबांचे ढीग होते. तेव्हा घरात बसून पगार मिळणारे आम्ही आणि त्या, यांत फक्त एका तारेच्या कुंपणाचं अंतर होतं.

फुलवाल्या बाया मळ्यात शिरतात त्याच वेळी मुदखेडच्या सीआरपीएफ प्रशिक्षण केंद्रात शिकाऊ जवानांची पहाट झालेली असते. देशाच्या कुठल्या कुठल्या राज्यांतली पोरं ती. सुट्टीच्या दिवशी बाजारात हिंदीतून भाव विचारताना दिसतात. घरापासून लांब आलेलं पोर म्हणून दुकानदार त्यांच्याशी जरा जास्तच बोलतात, आणि ते मला फार आवडतं.

४. कायदा माहीत असावा, पण आधी चालत जावं.
वस्तीच्या कडेला एक मंगल कार्यालय झालं आणि लग्नसराईत डीजे सुरू झाला. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. बोर्डाची परीक्षा असलेली मुलं, नुकतीच बायपास झालेले एक आजोबा, सगळे हैराण. कुणी म्हणालं पोलिसांना फोन करू, कुणी म्हणालं अर्ज देऊ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. हे सगळं आम्ही कागदावर लिहून काढलं.

पण तो कागद घेऊन ठाण्यात जाण्याआधी वस्तीतली पाच-सहा माणसं मालकाच्या घरी गेली. त्यात बायपासवाले आजोबाही होते. त्यांनी नियमाचा शब्दही काढला नाही. "बापू, तुमच्या पोरीच्या लग्नाला आम्ही सगळे आलो होतो," एवढंच म्हणाले. मग बराच वेळ चहा-पाणी, पावसाची चर्चा. त्या हंगामापासून दहाला डीजे बंद होतो. एखादी वरात हट्टाला पेटली तर मालक स्वतः येऊन वायर काढतो. कागद आम्ही जपून ठेवला आहे, तो लागणारच नाही असं नाही. पण जुन्या, बसलेल्या वस्तीची ताकद अशी की तिथे सांगणारा आणि ऐकणारा एकमेकांच्या दारात जेवलेले असतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये ही सोय विकत मिळत नाही.

५. नळ ज्या दिवशी येणार त्या दिवशी घरी कुणीतरी हवं.
पाणी रोज येत नाही, उन्हाळ्यात तर बिलकूल नाही. हौद मोठा बांधावा, शेजाऱ्याकडे चावी ठेवावी. शेजारीण आपला हौद भरून देते, आपण तिच्या सुनेचं पार्सल घेऊन ठेवतो.

६. रात्रीची नड डोळ्यांसमोर ठेवून माणसं जोडावीत.
छातीत कळ आली तर मोठा दवाखाना नांदेडात, सरकारी मेडिकल कॉलेज त्याच्याही पुढे विष्णुपुरीला. १०८ ला फोन करावाच, पण कुणाकडे गाडी आहे, कोण रात्री उठतं, कुणाला प्रथमोपचार येतात, हे आमच्या वस्तीत प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. नव्याने आलेल्या माणसाला आम्ही पहिल्या आठवड्यातच हे सांगतो आणि त्याच्याकडूनही वचन घेतो.

७. शांततेत मुलांचं नसणंही मिसळलेलं आहे.
हे मला सगळ्यात जास्त टोचतं. आमच्या गल्लीत बहुतेक घरांवर दुसरा मजला आहे आणि बहुतेक दुसरे मजले बंद आहेत. मुलगा हुशार निघाला की दहावीनंतर त्याला लातूरला किंवा नांदेडला क्लासला ठेवायचं, नीट परीक्षेची तयारी करायची. तिथून तो पुण्याला जातो आणि दिवाळीला येतो. आईबापांनी त्याच्या लग्नासाठी वर बांधलेल्या खोल्यांत आता हळदीची पोती आणि जुनी पुस्तकं आहेत. संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्यांत साठीच्या आतलं माणूस विरळाच. माझ्याच वर्गातून गेलेली मुलं चांगल्या ठिकाणी आहेत, त्याचा आनंद मनापासून आहे. तरीही क्रिकेटच्या चेंडूने एखादी काच फुटावी असं या गल्लीत खूप दिवसांपासून वाटतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मुदखेड ते मेडचल मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. गाड्या वाढल्या, वेळेवर धावल्या, तर नांदेडात नोकरी करणारी तरुण जोडपी इथेच घर करतील, अशी माझी आशा आहे. आमच्यासारखी अप-डाउन करत इथे मुलं वाढवता येतात, हे आम्ही करून दाखवलं आहे.

८. ले-आउटची मोकळी जागा पहिल्या दिवसापासून सांभाळावी.
मंजूर नकाशात ती दाखवलेली असते. पण तिच्यावर आधी कुणाची तरी म्हैस बांधली जाते, मग वाळूचा ढीग पडतो, मग पत्र्याचं शेड उभं राहतं. आमच्या जागेवर ढिगापर्यंत मजल गेली होती. वस्तीने मिळून तो हलवला आणि कडुनिंबाची रोपं लावली. त्यातली अर्धी शेळ्यांनी खाल्ली, उरलेली आता डोक्याच्या वर गेली आहेत. कुंपणासाठी नगरपरिषदेला अर्ज द्यायचा आहे, त्यावर सह्या घेणं सुरू आहे. बंद मजल्यांच्या घरांतूनही सह्या मिळाल्या. पुण्याच्या मुलांनी फोनवरून कळवलं की नाव घाला, आणि दोघांनी झोपाळ्याचे पैसे आम्ही देतो म्हणून सांगितलं.