नुसतं साल पाहून पुस्तक घेऊ नका

विल्यम गॉडविनचं ‘पोलिटिकल जस्टिस’ घ्यायचं असेल, तर आधी कोणतं घ्यायचं ते ठरवा. १७९३ साली ते दोन जाडजूड खंडांत आलं. १७९६ आणि १७९८ च्या आवृत्त्यांत गॉडविनने मजकुरावर असा काही हात फिरवला, की जहाल गॉडविन हवा असलेल्याच्या हाती भलताच गॉडविन पडू शकतो.

मला पहिल्या आवृत्तीचा मजकूर हवा होता. मूळ प्रत नव्हे; त्या भानगडीत पगारदार माणसाने पडू नये. एका विक्रेत्याच्या यादीत ‘१७९३’ दिसलं, किंमत पुनर्मुद्रणाची होती, मागवलं. पार्सलमधून निघालं चकचकीत मुखपृष्ठाचं, मागणीनुसार छापलेलं पुस्तक. मुखपृष्ठावर १७९३, आत नावपानावर मात्र ‘मॉरल्स’! पहिल्या आवृत्तीच्या लांबलचक शीर्षकात ‘जनरल व्हर्च्यू’ आहे. त्या जागी ‘मॉरल्स’ आलं ते नंतर. शिवाय कुठल्याशा ग्रंथालयाचा शिक्का, कुणा वाचकाच्या पेन्सिलीच्या रेघा आणि स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, सगळं शाईत छापलेलं. खऱ्या पेन्सिलीची रेघ खोडता तरी येते. विक्रेता म्हणाला, “साल मूळ ग्रंथाचं आहे, साहेब.” तो खोटं बोलत नव्हता, हीच तर गोम.

तेव्हा पैसे भरण्याआधी नावपान, त्याची मागची बाजू आणि शेवटचं पान यांचे फोटो मागवा. कां-कू करणाऱ्याचा नाद सोडा. खऱ्या जुन्या प्रतीवरचं सालही पुरेसं नसतं: फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारं एडमंड बर्कचं ‘रिफ्लेक्शन्स’ १७९० च्या नोव्हेंबरात निघालं आणि वर्ष संपायच्या आत पुन्हा पुन्हा छापलं गेलं.

बर्कच्या त्या पुस्तकावरून पेटलेल्या वादातला एक गडी आपल्या ओळखीचा आहे. जेम्स मॅकिंटॉशने १७९१ मध्ये ‘व्हिन्डिसिए गॅलिसे’ लिहून बर्कला उत्तर दिलं, पुढे स्वतःच बर्ककडे झुकला, आणि न्यायाधीश म्हणून मुंबईत आल्यावर १८०४ साली त्याने जी लिटररी सोसायटी काढली, तीच आजची एशियाटिक. तिच्या पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

माझं मत विचाराल तर मूळ ग्रंथांमागे न धावता त्यांच्यावरचे जुने अभ्यासग्रंथ जमवा. ब्रेल्सफर्डचं शेली-गॉडविनवरचं छोटेखानी पुस्तक (१९१३), क्रेन ब्रिंटन (१९२६), बर्कवरचा आल्फ्रेड कॉबन (१९२९). गॉडविन मुळातूनच वाचायचा असेल, तर प्रीस्टलीने संपादित केलेली १९४६ ची टोरोंटोची प्रत घ्या. तिचे पहिले दोन खंड म्हणजे तिसऱ्या आवृत्तीची हुबेहूब छायाप्रत. आधीच्या आवृत्त्यांतले पाठभेद तिसऱ्या खंडात. हा खंड नसेल तर संच फुकट मिळाला तरी माझ्या लेखी अपुरा.

कागदाचं गणित उलटं असतं. १७९० च्या दशकातला चिंध्यांपासून केलेला कागद अजून दणकट असतो, आणि शंभर वर्षांनंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद मात्र तपकिरी होऊन कोपऱ्यात मोडतो. असं पुस्तक पूर्ण उघडून टेबलावर दाबू नका, पाठ तुटते. पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. नवं आलेलं पुस्तक काही दिवस वेगळं ठेवा, नाहीतर एकाची कसर सगळ्यांना लागते. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर कधीच लावू नका. तिचा पिवळा डाग टेप निघाल्यावरही राहतो.

बांधणी सुटली तरी शक्यतो दोरीने बांधून तशीच ठेवा. बाइंडरकडे द्यावीच लागली, तर तोंडी सांगण्यावर जाऊ नका. कडा ‘साफ’ करण्याच्या हौसेपायी तो मशीनवर समास कापतो आणि समासातल्या टिपणांची अर्धी अक्षरं जातात. ‘कडा कापू नये’ अशी चिठ्ठी पुस्तकात घाला, आणि पावतीवरही त्याच्याकडून तसं लिहून घ्या.