डिश बसविण्यापूर्वी आकाश कसे पाहावे

नंदगडात घराच्या मागे फणस, परसात नारळ आणि शेजारच्या आवारात आंबा हे चित्र नवे नाही. अशा घरी दूरचित्रवाणीची डिश बसवावयाची म्हटली की पहिला प्रश्न झाडाचा निघतो. बसविणारा माणूस शिडी लावतो, दोनचार वेळा डिश हालवून पाहतो आणि "मध्ये झाड येते, तोडावे लागेल" असे सांगून मोकळा होतो. कधी त्याचे म्हणणे खरे असते. परंतु पुष्कळदा ते खरे नसते, आणि तीस वर्षांचा फणस एका दुपारी आडवा झाल्यावरही चित्र येत नाही, अशी उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. झाड आड येते की नाही हे ठरविण्याचे गणित शाळेतील मुलाच्या कंपासपेटीने करता येते. ते आपल्या सभासद कुटुंबांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम उपग्रह कोठे आहे ते पाहू. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाची एक प्रदक्षिणा पृथ्वीच्या स्वतःभोवतालच्या एका फेरीएवढ्याच वेळात पुरी होते. म्हणून खालून पाहणाऱ्यास तो एकाच जागी टांगलेला भासतो. अशा उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल, हा विचार आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली एका लेखात मांडला होता. आपल्या भागाशी त्याचा संबंध १९७५ सालीच आला. त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून वर्षभर देशातील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्यात आले, आणि त्यांत शेजारच्या विजापूर जिल्ह्यातील खेडीही होती. तो अमेरिकन उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या वर उभा असल्यामुळे त्या खेड्यांतील जाळीच्या मोठ्या डिशांची तोंडे पश्चिमेकडे होती. आज आपल्या घरांवरील सर्व डिश आग्नेयेकडे पाहतात, हे जुन्या मंडळींना थोडे गमतीचे वाटेल.

नंदगड विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेपंधरा अंशांवर आहे. म्हणून उपग्रह आपल्याला दक्षिणेच्या अंगाला, पण बराच वर दिसावयास हवा. दरमहा वर्गणी न घेणाऱ्या दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह, म्हणजे २०१५ च्या नोव्हेंबरात सोडलेला जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ वर आहे. नंदगडहून त्याची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडून मोजल्यास १२८ अंश, म्हणजे आग्नेयेहून किंचित पूर्वेकडे येते. आणि क्षितिजापासून त्याची उंची साडेएकसष्ट अंश भरते. टाटा प्लेचा उपग्रह ८३ रेखांशावर असल्याने त्याची दिशा १५१ अंश व उंची ६९ अंश येते. एअरटेलचा १०८.२ वर आहे; त्याची दिशा ११२ अंश व उंची साडेसत्तेचाळीस अंश. यावरून एकाच घरी एका कंपनीची डिश झाडामुळे अडेल आणि दुसरीची अडणार नाही, हे ध्यानात यावे. फणस तोडण्यापेक्षा कंपनी बदलणे केव्हाही स्वस्त!

येथेच बहुतेकांची दिशाभूल होते. घरगुती डिश पाहिली तर ती बरीच उभी, जणू समोरच्या झाडाच्या बुंध्याकडे किंवा शेजाऱ्याच्या कौलांकडे पाहत असल्यासारखी दिसते. वास्तविक तिची घडणच तिरकी असते. वरून आलेल्या लहरी खाली बाहेर आलेल्या दांडीच्या टोकाशी एकवटाव्यात, म्हणून तिचा पत्रा सुमारे २५ अंश कमी कललेला असतो. म्हणजे जीसॅट-१५ कडे लावलेल्या डिशचे तोंड डोळ्यांना ३६-३७ अंशांवर वाटले, तरी ती पाहते साडेएकसष्ट अंशांवर. जे झाड डिशच्या "समोर" आहे म्हणून दोषी ठरते, त्याच्या शेंड्यावरून लहरी खुशाल येत असतात.

आता हिशोब. साडेएकसष्ट अंशांच्या कोनात, झाड डिशच्या पातळीहून जितके उंच असेल त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक अंतर सोडले की पुरे. शेंडा डिशहून ४० फूट उंच असल्यास २२ फूट अंतर लागते. टाटा प्लेला त्याच झाडापासून १५ फूट चालतील, तर एअरटेलला मात्र ३७ फूट हवेत. अंतर खोडापासून न मोजता डिशच्या बाजूस पसरलेल्या फांद्यांपासून मोजावे, आणि झाड वाढते म्हणून चारपाच फूट जास्त धरावे.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि आमच्या मते ती सर्वांत उपयोगाची आहे. डिश एक फूट उंच चढविली तर झाडापासून लागणारे अंतर फक्त साडेसहा इंचांनी कमी होते. उलट ती एक फूट मागे घेतली तर जवळजवळ दोन फूट उंच चढविल्याचा लाभ मिळतो. तेव्हा कौलांवर चढून, वाशाला लोखंडी नळ बांधून जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही. अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सिमेंटमध्ये रोवलेला, ओळंब्यात सरळ उभा असलेला कमरेएवढा खांब पुष्कळ घरी पुरेसा होतो. विजेच्या तारांपासून मात्र खांब दूरच असावा.

प्रत्यक्ष पाहणी अशी करावी. डिश जेथे बसवावयाची तेथे उभे राहून होकायंत्राने दिशा ठरवावी; मोबाईलमधील होकायंत्रही चालते, फक्त पत्र्याच्या छपराजवळ किंवा मोटारसायकलीशेजारी ते चुकते. मग कंपासपेटीतील ६० अंशांचा गुण्या घ्यावा. त्याचा ६० अंशांचा कोपरा डोळ्याशी आणि आखूड बाजू सपाट धरावी. लांब उभ्या बाजूशी दोऱ्याने खडा टांगला की गुण्या सरळ आहे की नाही ते कळते. आता तिरक्या बाजूवरून नजर वर न्यावी. तेथे आकाश दिसले पाहिजे, आणि त्या बिंदूच्या भोवताली हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी जागा मोकळी पाहिजे. एअरटेलसाठी ४५ अंशांचा गुण्या उपयोगी पडतो. टाटा प्लेसाठी कोनमापक लागेल. हे काम घरातील आठवी-नववीच्या मुलामुलींकडे द्यावे. ती आपल्याहून नीट करतात.

ज्यांना कोनांचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी सूर्य आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. नंदगडला जीसॅट-१५ च्या बाबतीत हा योग १३-१४ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराला आणि २९-३० सप्टेंबरच्या सुमारास अकराला पाच मिनिटे कमी असताना येतो. टाटा प्लेच्या बाबतीत मार्चमध्ये बाराच्या ठोक्याला व सप्टेंबरात पावणेबाराला. त्या वेळी नियोजित जागेवर स्वच्छ ऊन पडले तर वाट मोकळी. कवडसे पडले तर पाने आड येतात. सावली पडली तर जागा बदलावी. तीनचार दिवस मागेपुढे झाले तरी चालते. दोहोंत सप्टेंबरची कसोटी अधिक भरवशाची, कारण मार्चमध्ये साग, सावर ही झाडे निष्पर्ण असतात आणि त्यांच्या काटक्यांतून दिसणारे आकाश जूननंतर नाहीसे होते. उन्हाळ्यात बसविलेली डिश पावसाळ्यात बिघडली अशी तक्रार खानापूर तालुक्यात जी सर्रास ऐकू येते, तिचे अर्धे मूळ येथे आहे.

उरलेले अर्धे खुद्द पावसात. या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने दाट सरी व ओली पाने त्या शोषून घेतात. मुसळधार सर कोसळत असताना चित्र जाते आणि ओसरली की येते, त्यास इलाज नाही व काळजीचेही कारण नाही. परंतु पाऊस उघडल्यावरही, पाने ठिबकत असेपर्यंत चित्र तुटत राहिले, तर फांदी आड आहे असे समजावे. तेव्हाही एखादी फांदी छाटून भागते. संपूर्ण झाड तोडावयाचेच झाले तर कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार, काही सूट दिलेल्या जाती सोडून, वृक्षाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. झाड स्वतःच्या परसातले असले तरीही. आणि झाड शेजाऱ्याचे असल्यास त्याच्या घरी जाताना गुण्या बरोबर न्यावा. दोघांनी मिळून एकदा वर पाहिले की बोलणे लवकर संपते.

१८३१ च्या जानेवारीत संगोळ्ळी रायण्णांना जेथे फाशी दिले ते हे गाव. त्यांच्या समाधीशी जोडलेल्या वडाचे दर्शन घेण्यास आजही दुरून माणसे येतात. अशा गावात कुऱ्हाड उचलण्यापूर्वी दहा मिनिटे आकाशाकडे पाहण्यास कोणाची हरकत नसावी.

डिशचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. दूरदर्शनची जमिनीवरील जुनी प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाली. एकाच फ्री डिशवर सह्याद्री व चंदना या दोन्ही वाहिन्या मिळतात, म्हणजे आजीचे मराठी आणि नातवंडांच्या शाळेतील कन्नड अशी दोन्हींची सोय होते. शिवाय २०२० साली शाळा बंद पडल्यानंतर सुरू झालेले इयत्तावार पाठही तिच्यावर येतात.

शेवटी एक सूचना. सूर्य उपग्रहाच्या मागून जातो त्या मार्च व सप्टेंबरच्या दिवसांत, वर सांगितलेल्या वेळी, सूर्याच्या स्वतःच्या लहरी डिशमध्ये शिरतात आणि चित्र काही मिनिटे जाते. असे ओळीने चारदोन दिवस होते. त्या वेळी डिश हालवू नये, बसविणाऱ्यासही बोलावू नये. सूर्य पुढे सरकला की चित्र आपोआप परत येते.