गुरुजी, या बॉडीत मोटरच नाही!

आधीच सांगून टाकतो, मी अडाणी माणूस नाही. एकवीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवतोय. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर फळ्यावर आकृती काढून समजावतो. तरीही जळगावच्या एका दुकानात माझ्या हातात भिंग ठेवलं गेलं, तेव्हा ‘हे माझ्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस होईल का?’ एवढा एक प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. घरात आजही विषय निघाला की सगळे हसतात. हसोत. पण ज्याला पहिला डीएसएलआर घ्यायचाय आणि ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत, त्यानं हसण्याआधी पुढचं वाचावं.

२०१७ची दिवाळी. माझी भिशी लागली होती, पस्तीस हजारांची. धुळ्यात दोन ठिकाणी चौकशी करून आलो होतो. पण मेहुणा म्हणाला, “दाजी, जळगावला या. ओळखीचं दुकान आहे.” ओळखीचं! हा शब्द ऐकला की आता माझा हात आपोआप पाकिटावर जातो.

एरंडोल-पारोळ्याची धूळ खात एसटीनं पोहोचलो. दुकानात चहा आला. शेठ गोड बोलायला लागले. “सर, काय काय काढायचंय?” मी म्हणालो, पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे, शाळेचं गॅदरिंग आहे, आणि जमलं तर हतनूर धरणावरचे पक्षी. एका कॅमेऱ्यावर मी तीन माणसांची कामं लादतोय, हे तेव्हा ना मला कळलं, ना त्यांनी सांगितलं. त्यांनी निकॉनचा डी ३४०० काढला, त्यावर १८-५५ची किट लेन्स लावली आणि माझ्याच तोंडासमोर धरून सटासट पाच फोटो काढले. पाचही लख्ख. मग म्हणाले, “लग्नाला पन्नासची पोर्ट्रेट लेन्स पाहिजेच, सर. मागचं सगळं ब्लर, माणूस तेवढा उठून दिसतो.” ती लावून दाखवा म्हटलं, तर उत्तर तयार होतं: “पॅक डबा आहे. उघडला तर तुम्हालाच जुना वाटेल.”

नवा कोरा डबा घरी जाऊन पूजा करून उघडण्याची आपल्याला हौस असते. त्या हौसेचा भाव शेठला बरोबर माहीत होता.

बिलाचं विचारलं. “पक्कं बिल पाहिजे तर अठ्ठावीस टक्के वर पडतील. जीएसटी लागलाय ना आता!” मी गप्प. साडेतीन हजार मेहुण्याकडून उसने घेतले आणि अडतीस हजार पाचशे मोजले. हातात आला पॅडचा एक कागद: ‘कॅमेरा, बॅग, कार्ड, ५० एमएम पोर्ट्रेट’. खाली आकडा. दुकानाचं नावसुद्धा नाही.

घरी आलो, पन्नासची लेन्स चढवली, आणि स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आली: एफ-ई-ई. फी! मी म्हटलं, आता हा कॅमेराही पैसे मागायला लागला. दुकानात फोन लावला. “काही नाही सर, लेन्सवरची रिंग बावीसच्या आकड्यावर नेऊन लॉक करा.” केली. अक्षरं गेली, फोटो निघाला. मी खूश. त्याच वेळी शंका यायला हवी होती, की किट लेन्सला नसलेली ही रिंग हिलाच का? जुन्या पद्धतीच्या लेन्सची ती खूण होती.

मग देवपुरातली ती हळद. मांडवात पिवळे दिवे, बायकांची गाणी, पुतण्याच्या गालाला हळद लावताना हसणारी माझी माय. मी गुडघ्यावर बसून फोटो काढत सुटलो. कॅमेऱ्याच्या भोकातून सगळं ठीक दिसायचं, स्क्रीनवर पाहिलं की धुकं. आधी वाटलं, माझा हात हलतोय. मग वाटलं, चाळिशी लागली. व्ह्यूफाइंडरजवळची चष्म्याच्या नंबरची बारीक चकतीसुद्धा फिरवून पाहिली. मायनं स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, “मन्हं तोंड असं धुयकट काब्र दिखस रे भाऊ?” मी म्हणालो, “माय, उजेड कमी आहे.” खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

लग्नाचा फोटोग्राफर पारोळ्याकडचा पोरगा होता. माझी धडपड तो बराच वेळ पाहत असावा. शेवटी त्यानं कॅमेरा मागून घेतला, बटण अर्धं दाबलं आणि कानाशी नेला. कानाशी! डॉक्टरनं नळी लावावी तसा. “गुरुजी, किट लेन्स लावा बरं.” लावली. बटण अर्धं दाबताच आतून बारीक सळसळ आली. पुन्हा पन्नासची. काहीच नाही. मग त्यानं ती काढून उलटी धरली आणि कड्यावरची बारीक खाच दाखवली. “या खाचेत बॉडीतला स्क्रू बसतो आणि तो लेन्स फिरवतो. तुमच्या कॅमेऱ्यात तो स्क्रूही नाही अन् मोटरही नाही. गुरुजी, या बॉडीत मोटरच नाही! ही लेन्स डी ९०ला चालते, डी ७०००ला, डी ७२००ला चालते. तुम्हाला एएफ-एस लिहिलेली पाहिजे होती.”

मांडवात ढोल वाजत होता, आणि मी हातात ते भिंग धरून उभा होतो. मुलांना नाभीय अंतर शिकवणारा माणूस.

हे काही गुपित नव्हतं. कोणत्या लेन्सचा फोकस आपोआप होईल आणि कोणत्या लेन्सचा नाही, याचा तक्ता कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात छापलेला असतो. कॅमेरा चांगलाच आहे, आजही चालतो. ज्याचं पोट यावर भरतं त्या दुकानदाराला हे ठाऊक नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

आठ दिवसांनी दुकानात गेलो. या वेळी चहा नाही. “सर, मी ऑटो म्हटलं होतं का? लेन्स चालते ना? मोठमोठे फोटोग्राफर हातानंच फोकस करतात.” कागद पुढे केला. “हे बिल कुठंय? हा अंदाजाचा कागद आहे.” वॉरंटी कार्ड दाखवलं, तर त्यावर ना शिक्का, ना तारीख. मेहुणा वर बघत होता. वर पंखा होता, तोही बंद. शेवटी शेठ म्हणाले, “ही ठेवून जा, हिचे हजार धरतो. वर साडेसात हजार द्या, मोटरवाली देतो.” मी लेन्स उचलली आणि निघालो. भांडायला हवं होतं, असं बायको म्हणते. कशाच्या जोरावर भांडणार? कागदावर दुकानाचं नावच नव्हतं.

आता शहाणपण. यातलं काही मी मोजून विकत घेतलंय, काही फुकटचं आहे.

बिलापासून सुरुवात करा. डब्यावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्या किमतीवर ‘जीएसटी वेगळा’ असं म्हणणारा थाप मारतोय. तेव्हा डिजिटल कॅमेऱ्यावर खरोखरच २८ टक्के होते. १ जानेवारी २०१९पासून १८ झाले. पण ते किमतीच्या आत. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा नंबर वेगवेगळा लिहून घ्या आणि तो डब्यावरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या. शिक्का नसेल, तर तो माल भलत्याच वाटेनं आलेला असू शकतो.

दुसरं, जी लेन्स घ्याल ती तुमच्याच बॉडीवर लावून, दुकानातल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात फोटो काढून घ्या. डबा उघडायला नकार मिळाला तर उठा. निकॉनच्या डी ३०००, डी ५०००च्या घरातल्या सगळ्या बॉडींना हीच अडचण आहे. लेन्सवर एएफ-एस हवं; एएफ-पी यातल्या नव्या बॉडींनाच चालते. कॅननच्या ईएफ लेन्सेसची मोटर लेन्सच्या पोटातच असते, त्यामुळे तिकडे हा चटका बसत नाही. पण तिथंही स्वस्ताईची किंमत आहेच. ३०००डीला लेन्स बसते ते कडं प्लॅस्टिकचं आहे, आणि चष्म्याच्या नंबरची ती चकती नाही. १५००डीला दोन्ही नीट. चष्मेवाल्यांनी हे कपाळावर लिहून ठेवावं.

तिसरं, काम ठरवा. एकच. रात्रीच्या मांडवाला एफ १.८ची पन्नास. लळिंगचा किल्ला, शेत, घरची माणसं यांना किट लेन्स पुरते. हतनूरच्या पक्ष्यांना ७०-३०० तरी पाहिजे. किट लेन्सनं मी काढलेलं बदक म्हणजे पाण्यावरचा तीळ. आणि गॅदरिंगचं शूटिंग? डी ३४००ला बाहेरचा माइक लावायला भोकच नाही. आधीच्या डी ३३००ला होतं. मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

सेन्सर स्वतःची धूळ झटकण्याची सोयही डी ३४००मध्ये नाही, आणि आपण राहतो खानदेशात. लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली ठेवा, तोंडानं फुंकर मारू नका. मे महिन्यात कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवू नका. हे काय सांगायला पाहिजे? पण मी ठेवला होता.

आता बरेच जण मिररलेसकडे वळलेत, त्यामुळे जुने डीएसएलआर स्वस्तात मिळतात. जुना घेणार असाल तर आकाशाचा फोटो एफ २२वर काढून काळे ठिपके शोधा, लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी पाहा, विशेषतः माल मुंबई-कोकणाकडचा असेल तर. निकॉनच्या फोटोत किती क्लिक झाले त्याचा आकडा दडलेला असतो. तो काढून देणाऱ्या सोयी मोबाइलवरही मिळतात. या वर्गातलं शटर साधारण लाखभर क्लिकच्या हिशेबानं धरतात. लग्नांत राबलेला कॅमेरा दिसायला कोरा असला तरी आतून म्हातारा असतो.

मेगापिक्सेलवर भुलू नका, हे सगळेच सांगतात. मी म्हणेन, एकदा चाळीसगावला जा. छायाचित्रकार केकी मूस (१९१२ ते १९८९) स्टेशनजवळच्या आपल्या घरात अनेक दशकं जवळजवळ कोंडून घेऊन राहिले, आणि घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून, उजेड हवा तसा वळवून त्यांनी निसर्गदृश्यं उभी केली. ते फोटो पाहिले की आपण दुकानात घातलेला वाद पोरकट वाटतो. माझा नाही, तुमचा. माझा वाद पैशांचा होता.

आणि फसलातच, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. त्या वेळी ग्राहक मंचात जायचं तर दुकान जळगावचं म्हणून जळगावलाच खेटे घालावे लागले असते. २० जुलै २०२०पासून नवा कायदा लागू झाला. आता राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर आधी बोलून पाहा. पण तिथंही पहिला प्रश्न येतो: बिल आहे का?

ती लेन्स मी टाकली नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये डावीकडे खाली हिरवा ठिपका असतो. हातानं रिंग फिरवत नेली की नेम लागल्यावर तो स्थिर होतो. हे शिकायला मला तीन महिने लागले. त्यानंतर ओट्यावर वांगी भाजणाऱ्या मायचा एक फोटो काढला. सुरकुती न् सुरकुती स्वच्छ. तिनं तो पाहिला, काही बोलली नाही, फक्त पदर नीट केला. पुढच्या वर्षी ती गेली. भिंतीवर तोच फोटो आहे. हळदीतलं तिचं हसू मात्र कुठल्याच फोटोत धड नाही.

शेठचा तो कागद अजून कॅमेऱ्याच्या बॅगेत आहे. शाई उडत चाललीय. रक्कम पुसली गेली; ‘५० एमएम पोर्ट्रेट’ एवढं अजून वाचता येतं.