एका पिनवर चालणारी ट्रॉली

दिवाळीनंतर लोहा, अहमदपूर, चाकूर या नांदेड-लातूर रस्त्यावर उसाच्या जोड ट्रॉल्या दिसतातच. जडत्वाचा धडा शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं?

मुलांना विचारा, ट्रॉली कशावर अडकलीय? एका पिनवर! खड्ड्यात दांडी उसळली की पिनही वर सरकते. म्हणून पिनच्या खालच्या भोकात क्लिप हवीच. सुतळी नाही चालत. (आपल्याकडे सुतळीच जास्त दिसते!) शिवाय साखळी हवी. पिन निघालीच तर ट्रॉली साखळीला अडकून राहते. साखळ्या दोन असतील तर दांडीखालून फुली मारून लावाव्यात, म्हणजे दांडीचं टोक जमिनीत न रुतता त्यांच्यावर टेकतं. वळणापुरती ढील द्यावी, पण साखळी रस्त्याला घासू नये.

आता आपल्या पोरांचं. ऊस ओढायला ती दोन ट्रॉल्यांच्या मधे शिरतात, दांडीवर चढतात. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर थांबला तरी मागचं वजन पुढे रेटतंच. वर्गात खेळण्यातल्या दोन गाड्या दोऱ्यानं बांधून ओढा आणि पुढची एकदम थांबवा. मागची येऊन धडकते. मग त्या दोघींच्या मधे खडूचा तुकडा उभा ठेवून तेच पुन्हा करून दाखवा.