एकल वादक आणि विद्यापीठाचा वाद्यवृंद

'ऑर्केस्ट्रा' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे गणेशोत्सवातील किंवा स्नेहसंमेलनातील चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. प्रस्तुत लेखात ज्या ऑर्केस्ट्राचा विचार करावयाचा आहे तो याहून वेगळा आहे. युरोप-अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांचा स्वतःचा वाद्यवृंद असतो. व्हायोलिन, चेलो, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट अशी नाना वाद्ये घेऊन साठ-सत्तर विद्यार्थी आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी एकत्र बसतात आणि बाख, मोझार्ट, बीथोवन, ब्राम्स यांच्या रचना बसवतात. यांतील कित्येकांचा अभ्यासविषय संगीत नसतोच. कोणी रसायनशास्त्राचा विद्यार्थी असतो, कोणी इतिहासाचा, कोणी कायद्याचा. अशा वृंदातून दरवर्षी एक-दोन तरुण वादक निवडले जातात व त्यांना साऱ्या वृंदापुढे एकल वादक म्हणून उभे राहण्याची संधी मिळते.

वरवर पाहता हा केवळ मानाचा प्रसंग वाटेल. परंतु त्यात एक शिक्षणपद्धती दडलेली आहे, आणि ती कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगी आहे.

कॉन्चेर्टो : एक आणि अनेक

एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेला 'कॉन्चेर्टो' म्हणतात. ज्या धातूपासून हा शब्द आला असे मानतात त्याचा लॅटिनमधील अर्थ 'झगडणे' असा, तर इटालियनमधील अर्थ 'एकमेकांशी जुळवून घेणे' असा आहे. हे दोन्ही अर्थ या संगीतप्रकारात एकत्र नांदतात. एकीकडे एक व्हायोलिन किंवा एक पियानो, आणि दुसरीकडे साठ-सत्तर वाद्यांचा समूह. कधी समूह एखादी सुरावट मांडतो आणि एकल वादक ती उचलून सजवतो, तर कधी एकल वादक प्रश्न करतो आणि समूह उत्तर देतो. बीथोवनच्या चौथ्या पियानो कॉन्चेर्टोचा मधला भाग म्हणजे असा संवादच आहे. तारवाद्ये कठोर, तुटक स्वरांत बोलतात, पियानो अगदी हळुवारपणे उत्तर देतो, आणि शेवटी मऊ पडतात ती तारवाद्येच.

आपल्या मैफलीशी तुलना केली म्हणजे फरक चटकन ध्यानात येतो. आपला गायक राग मांडतो तो तत्क्षणी सुचेल तसा. तबलजी ठेका धरून असतो, संवादिनी मागोमाग येते, आणि गायकाने मुखडा घेतला की सम कोठे येणार हे साऱ्यांना कळते. कॉन्चेर्टोत प्रत्येकाचा स्वर न् स्वर आधी लिहिलेला असतो. वृंदातील वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याचा कागद असतो. संपूर्ण रचना एकत्र लिहिलेली वही असते ती संचालकापुढे. त्यामुळे एकल वादकाने ऐनवेळी लय ओढली किंवा दोन मात्रा गाळल्या, तर साठ जणांना एकदम सावरणे सोपे नसते.

लाइपझिगचे कॉफीगृह

कॉन्चेर्टो आणि विद्यापीठ यांचे नाते जुने आहे. सन १७०१ मध्ये गेओर्ग फिलिप टेलेमान हा तरुण कायद्याच्या अभ्यासासाठी जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात आला. थोड्याच काळात त्याने विद्यार्थ्यांचे एक संगीत मंडळ उभारले. 'कोलेगियुम म्युझिकुम' या नावाने ते ओळखले जाई. पुढे १७२९ मध्ये या मंडळाचे संचालकपद योहान सेबास्टियन बाख याच्याकडे आले. त्या वेळी तो लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचा संगीतप्रमुख होता. चर्चचे काम सांभाळून तो विद्यार्थ्यांना घेऊन झिमरमान नावाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहात दर आठवड्यास मैफली करी. उन्हाळ्यात याच मैफली गावाबाहेरील बागेत होत.

या मैफलींसाठी बाखने एक, दोन, तीन आणि चार हार्पसिकॉर्डांचे कॉन्चेर्टो तयार केले. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोचा पूर्वज. त्यात पट्टी दाबली की तार छेडली जाते. तोवर हे वाद्य मुख्यतः साथीचे मानले जाई. बाखने त्याला एकल वाद्याचे स्थान दिले, आणि कळफलकाच्या वाद्यासाठी लिहिलेले अगदी आरंभीचे कॉन्चेर्टो अशा प्रकारे विद्यार्थ्यांच्या मंडळात रुजले. एकाच वेळी दोन-तीन एकल वादक कोठून मिळाले असतील? बाखचे थोरले मुलगे विल्हेल्म फ्रीडेमान आणि कार्ल फिलिप एमानुएल हे त्या सुमारास लाइपझिग विद्यापीठात कायद्याचे विद्यार्थी होते. त्यांनी आणि बाखच्या इतर शिष्यांनी हे भाग वाजवले असावेत, असे अभ्यासक मानतात.

निवड आणि तयारी

आज अनेक विद्यापीठांत एकल वादकाची निवड स्पर्धेने होते. इच्छुक विद्यार्थी एखाद्या कॉन्चेर्टोचा एक भाग परीक्षकांपुढे वाजवतो. त्या वेळी वृंद नसतो. वृंदाचे सारे संगीत आटोपशीर करून एकटा पियानोवादक वाजवतो. निवड झाल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू होते. पियानोवरचा साथीदार दोन हातांवर असतो, त्याला एका नजरेने थांबवता येते, पुढे नेता येते. साठ जणांचा वृंद म्हणजे भरलेली बैलगाडी. वळण घ्यावयाचे तर आधीपासून बेत हवा.

शिवाय अंतराचा प्रश्न असतो. व्हायोलिन वाजवणारा संचालकाच्या डाव्या हाताला, श्रोत्यांच्या अगदी जवळ उभा असतो, तर ट्रम्पेट आणि टिंपनी हे नगाऱ्यासारखे तालवाद्य पार मागे असते. मागचा आवाज पुढे पोहोचण्यास किंचित वेळ लागतो. केवळ कानावर विसंबून राहिले तर गडबड होते. म्हणून संचालकाच्या छडीकडे डोळ्याचा एक कोपरा ठेवूनच वाजवावे लागते. त्यातही वृंदाबरोबर सराव मोजकाच मिळतो, आणि कार्यक्रमात एकल वादकापुढे बहुधा कागद नसतो. अर्ध्या-पाऊण तासाची रचना तोंडपाठ असावी लागते.

वृंदासाठीही हा धडा तितकाच मोलाचा असतो. सिंफनी वाजवताना वृंद आपल्या पूर्ण ताकदीने वाजवू शकतो. कॉन्चेर्टोत मात्र एका व्हायोलिनचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचावा म्हणून साठ जणांना आपला आवाज आवरावा लागतो. हळू वाजवूनही लय ढिली पडू न देणे हे फार कठीण काम आहे. आपल्याकडच्या चांगल्या साथीदारांना हे मर्म ठाऊक असतेच.

थांबणे, ऐकणे, परतणे

एकल वादकाला या अनुभवातून काय मिळते, हे एका रचनेच्या आधारे पाहू. बीथोवनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो १८०६ मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजवला गेला. त्याचा आरंभ टिंपनीच्या पाच हलक्या ठोक्यांनी होतो. मग वृंद एकामागून एक सुरावटी मांडतो. हे सुमारे तीन मिनिटे चालते. एकल वादक व्हायोलिन हातात घेऊन, सभागृहाच्या नजरा झेलत नुसता उभा असतो. लिखित संगीताचे ८८ बार, म्हणजे तालाचे ८८ छोटे गट, उलटल्यावर त्याचा पहिला स्वर येतो.

तरुण वादकाला ही तीन मिनिटे वादनाहून अवघड जातात. पण जो या वेळात वृंदाचे नीट ऐकतो, त्याचा पहिला स्वर वृंदाने बोललेल्या गोष्टीचे उत्तर म्हणून येतो. जो केवळ आपली पाळी येण्याची वाट पाहतो, त्याचा पहिला स्वर उपरा वाटतो. श्रोत्याला कारण सांगता येणार नाही कदाचित, पण फरक जाणवतो.

पुढे भागाच्या अखेरीस 'कॅडेन्झा' येते. येथे सारा वृंद थांबतो आणि एकल वादक एकटाच वाजवतो. पूर्वी वादक ही जागा आयत्या वेळी सुचेल तशी भरून काढीत. आपल्या उपजेला जवळची अशी पाश्चात्य संगीतातील ही जागा होय. वादकाने आपले सारे कसब येथे दाखवावे अशी अपेक्षा असते. पण परतण्याचा एक संकेतही आहे. कॅडेन्झा संपत आली की तो दोन शेजारच्या स्वरांवर दीर्घ, जलद कंप घेतो. त्यास 'ट्रिल' म्हणतात. तो ऐकताच वृंदातील सर्वजण वाद्ये उचलतात, आणि ट्रिल जेथे विसावतो त्या स्वरावर सारे एकत्र येतात. तिहाई घेऊन समेवर येण्याचा आनंद ज्याने अनुभवला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावयास नको. भरारी कितीही उंच असली तरी इतरांना बरोबर घेता येईल अशा बेताने परतावे लागते.

योआखिमचे उदाहरण

बीथोवनची ही रचना पहिल्या प्रयोगानंतर अनेक वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिली. २७ मे १८४४ रोजी लंडनमध्ये योसेफ योआखिम या मुलाने ती वाजवली आणि तिचे भाग्य पालटले. तेव्हा त्याला तेरावे वर्ष पुरे झालेले नव्हते. वृंदाचे संचालन मेंडेल्सोनने केले होते. परंतु त्याआधी एक वर्ष याच मेंडेल्सोनने या मुलाची परीक्षा घेऊन दिलेला सल्ला अधिक लक्षात ठेवण्याजोगा आहे. या मुलाला संगीतशाळेत घालण्याची गरज नाही, त्याला उत्तम सर्वसामान्य शिक्षण द्यावे, असे त्याचे मत पडले. त्याप्रमाणे व्हायोलिनबरोबर त्याचे इतर शिक्षणही चालू राहिले. पुढे १८५३ च्या उन्हाळ्यात, नामांकित वादक झाल्यावरही, योआखिम ग्योटिंगेन विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि इतिहास यांची व्याख्याने ऐकण्यास जाऊन बसला. तरुण ब्राम्स त्याच्या सहवासात काही काळ राहिला तो याच उन्हाळ्यात.

या कथेचा शेवटही विद्यापीठातच घडतो. ८ मार्च १८७७ रोजी केंब्रिज विद्यापीठाने योआखिमला सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या प्रसंगी विद्यापीठाच्या संगीत मंडळाच्या मैफलीत त्याने बीथोवनचा तोच कॉन्चेर्टो वाजवला, आणि ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीचे संचालन करून ती इंग्लंडला प्रथम ऐकवली.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर चेलोवादक यो-यो मा याचे देता येईल. लहानपणापासून नाव झालेल्या या वादकाने केवळ संगीतशाळेवर समाधान न मानता हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९७६ मध्ये तेथून कला शाखेची पदवी घेतली. हार्वर्डच्या विद्यार्थी-वाद्यवृंदाचे मूळ १८०८ मध्ये स्थापन झालेल्या एका विद्यार्थी मंडळात आहे.

मुंबईचा धागा

या परंपरेत एक मुंबईकरही आहे. मेहली मेहता यांचा जन्म १९०८ साली मुंबईत झाला. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. मुलाच्या कीर्तीमुळे वडिलांचे कार्य काहीसे झाकोळले गेले. मेहली मेहता १९६४ मध्ये लॉस एंजल्सला गेले, तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचे शिक्षण त्यांनी अनेक वर्षे केले, आणि त्याच शहरात तरुण वादकांचा 'अमेरिकन यूथ सिंफनी' हा वृंद उभारला. १९९८ पर्यंत, म्हणजे वयाची नव्वदी गाठेपर्यंत, ते त्याचे संचालन करीत होते. वृंदात बसणे हेही एक शास्त्र आहे आणि ते तरुणपणीच शिकावे लागते, याची त्यांच्या कार्याहून चांगली साक्ष मिळणार नाही.

आपल्यापुरता विचार

आपल्या महाविद्यालयांतून असे वाद्यवृंद निघावेत, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. आपली परंपरा निराळी आहे आणि समृद्ध आहे. परंतु या पद्धतीतील एक तत्त्व आपल्याला सहज घेता येण्याजोगे आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत आपण गायक निवडतो, त्याची तयारी करून घेतो, आणि साथीला पुष्कळदा बाहेरचा तबलजी व पेटीवाला बोलावतो. गायकाची आणि त्यांची गाठ पडते ती कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी. बक्षीस मिळाले तर गायकाला मिळते. साथ करणारा विद्यार्थी तयार होत नाही, आणि गायकाला साथीचे ऐकण्याची सवय लागत नाही.

याऐवजी महाविद्यालयातीलच तबला, पेटी आणि तानपुरा धरणारे विद्यार्थी घेऊन दोन महिने एकत्र बैठक केली तर? यंदा जो गातो त्याने पुढील वर्षी दुसऱ्यासाठी तानपुरा घेऊन बसावे. अनेक विद्यापीठांच्या वृंदांत नेमके असेच घडते. कार्यक्रमात टाळ्या घेणारा एकल वादक पुढच्या सरावाला व्हायोलिनांच्या रांगेत आपल्या जागी येऊन बसतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी वादनासाठी आपला आवाज आवरतो. मागच्या रांगेत बसून ज्याने साथ केली आहे, त्यालाच पुढे उभे राहिल्यावर मागच्यांचे ऐकू येते.