पोर्टफोलिओ काढायच्या आधी

अगं, काकू सांगत होती, तू भात सोडलास आणि रात्री तोंडाला काहीतरी पांढरं फासून झोपतेस. मॉडेलिंग करायचंय ना? कर की! पनवेलच्या मुलीने असली स्वप्नं बघू नयेत असं म्हणणारी मी नव्हे. फक्त ज्या पट्टीने तू स्वतःला मोजतेयस, ती कुणी आखली ते तरी बघ.

आपल्या पनवेलचीच अदिती गोवित्रीकर घे. १९९६ साली ती ग्लॅडरॅग्जची मेगामॉडेल झाली आणि १९९७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस. २००१ मध्ये ती मिसेस वर्ल्ड झाली तेव्हा तिला लेक होती. तो किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. तिच्या तीस वर्षं आधी त्याच कॉलेजातली रीटा फारिया, मुंबईत वाढलेली गोव्याकडची मुलगी, १९६६ची मिस वर्ल्ड झाली होती. तिने वर्षभर मुकुट मिरवला, मग मॉडेलिंगला रामराम ठोकून सरळ डॉक्टरकी केली. तुझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे, म्हणून मुद्दाम सांगतेय.

आता त्या पट्टीबद्दल. आजीच्या वेळी अंगाने भरलेली मुलगी म्हणजे खात्यापित्या घरची, आणि बारीक असली की ‘हिला काही दुखणं-बिखणं नाही ना?’ अशी चौकशी. १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत पहिल्यांदा भारतीय नटी झळकली ती आपली लीला चिटणीस. पदवीधर, मुलाबाळांची आई. कुणाला खटकलं नाही. पुढे ‘मिस’वाल्या सौंदर्यस्पर्धा आल्या आणि आई झालेलीला दार बंद! मिस युनिव्हर्सने ते २०२३च्या स्पर्धेपासून उघडलं. बारीकपणाचं वेड साठच्या दशकात लंडनच्या ट्विगीने लावलं. आपल्याकडे ते बोकाळलं नव्वदीत, केबल टीव्ही घरोघरी आल्यावर. मग मॉडेल इतक्या वाळल्या की २००६ मध्ये माद्रिदच्या फॅशन शोने १८च्या खाली बीएमआय असलेल्या मुलींना रॅम्पवर चढूच दिलं नाही. आणि तू भात सोडतेस!

रंगाचं दुखणं मात्र जुनंच. आपल्या थोरल्या आत्याचा लग्नाआधीचा, ‘दाखवायचा’ फोटो नीट बघितलायस? चेहरा पावडरीने पांढराफटक, आणि कानाच्या पाळीपाशी तिचा खरा रंग तसाच. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये आली. नावातलं ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं. मधल्या काळात, १९९२ मध्ये, नागपूरची सावळी मधू सप्रे मिस युनिव्हर्समध्ये तिसरी आली होती. तिच्याकडे बघून गोरेपणाची क्रीम खपायची थांबली का? नाही. दुकान चालवायचं तर आरशासमोरच्या बाईला काहीतरी कमी आहे असं वाटत राहावं लागतं, एवढं साधं आहे ते.

त्या पांढऱ्या क्रीमच्या डबीवर कंपनीचं नाव-पत्ता आहे का, बघ. नसेल तर आजच फेक. २०२२ मध्ये अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशाच क्रीमने बिघडली. तपासलं तर त्यात पारा. काही मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होऊन लाल पडते.

उंचीचं म्हणशील, तर रॅम्पला ती लागते, उगाच खोटा धीर देत नाही. पण दूध, बँक, साबण, ऑनलाइन साड्या यांच्या जाहिरातींना आता तुझ्यामाझ्यासारखी घरातली तोंडं हवी असतात. ऑडिशनला अंधेरीला जाशील तर पहिल्यांदा मी बरोबर येईन. ‘आमच्याकडूनच पोर्टफोलिओ करून घे, इतके हजार भर,’ असं कुणी म्हटलं की चहासुद्धा न पिता उठायचं. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. आणि कागद न वाचता सही करायची नाही, समोरचा कितीही ‘बेटा, बेटा’ करो.

सुरुवातीला साधे फोटो पुरतात: समोरून, बाजूने, केस बांधून, मेकअपशिवाय. रविवारी सकाळी ये, आपल्या गच्चीवर मीच काढते. आणि जेवायलाच थांब, भात टाकतेय.